लिनक्सविषयीचा सल्ला पारखताना

लिनक्स नव्याने वापरू लागलेल्या माणसाने जाणकारांना 'माझा संगणक सुरक्षित करण्यासाठी काय करू?' असे विचारले, तर त्याला सहसा एकमेकांशी न जुळणारी उत्तरे मिळतात. एक जण सांगतो की लिनक्सला व्हायरस लागत नाही, तेव्हा निर्धास्त राहा. दुसरा आधी फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून येणारी-जाणारी रहदारी अडवणारी चाळणी, चालू करायला सांगतो, तिसरा संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी, केल्याशिवाय पुढे जाऊ नका असे बजावतो, आणि चौथा दूरस्थ लॉगिनचे पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरून आत येण्याच्या दाराचा क्रमांक, बदलण्याचा आग्रह धरतो. पहिला सोडला तर बाकीचे चुकीचे बोलत नसतात, पण प्रत्येक जण स्वतःचे यंत्र डोळ्यांसमोर ठेवून बोलत असतो. इंटरनेटवर चोवीस तास उघडा असलेला सर्व्हर सांभाळणाऱ्याला पासवर्ड ओळखून आत शिरू पाहणाऱ्यांची काळजी असते, तर लॅपटॉप घेऊन प्रवास करणाऱ्याला तो चोरीला जाण्याची. दोघांचे धोके वेगळे असल्यामुळे उपायही वेगळे असतात. म्हणून कोणताही सल्ला अमलात आणण्यापूर्वी तो कोणत्या धोक्यावरचा उपाय आहे आणि तो धोका आपल्या यंत्राला आहे का, हे दोन प्रश्न विचारावे लागतात. त्यांची उत्तरे देता यावीत एवढी लिनक्सच्या सुरक्षेची मूळ रचना या लेखात उलगडून पाहू.

व्हायरसविषयीचा समज आधीच बाजूला ठेवलेला बरा. २०१६ साली मिराय नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातील कॅमेरे, राउटर आणि व्हिडिओ रेकॉर्डर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले आणि त्यांच्या मदतीने मोठमोठ्या संकेतस्थळांवर विनंत्यांचा भडिमार केला. ही उपकरणे लिनक्सवरच चालत होती. त्यासाठी कोणतेही असाधारण कौशल्य लागले नाही, कारण कारखान्यातून आलेले पासवर्ड मालकांनी कधी बदललेच नव्हते आणि मिरायकडे अशा साठ-बासष्ट जोड्यांची यादी तयार होती. डेस्कटॉपवर लिनक्स वापरणारे तुलनेने कमी असल्यामुळे त्यांच्यावर नेम धरणारे हल्ले कमी होतात हे खरे आहे, परंतु कमी हल्ले होणे म्हणजे अभेद्य असणे नव्हे. क्लॅमएव्हीसारखे व्हायरसशोधक लिनक्सवर उपलब्ध आहेत, पण त्यांचा मुख्य उपयोग ईमेल सर्व्हरवर, दुसऱ्यांच्या विंडोज संगणकांकडे निघालेली बाधित जोडपत्रे अडवण्यासाठी होतो. घरच्या संगणकावर ते बसवल्याने नुकसान होत नाही, मात्र त्यांच्या भरवशावर बाकीच्या गोष्टींकडे दुर्लक्ष करणे योग्य नाही.

अधिकारांची चौकट

लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिहायला घेतला, पण त्यामागची अधिकारांची कल्पना त्याहून जुनी आहे. ती १९६९ पासून बेल लॅब्जमध्ये आकाराला आलेल्या युनिक्समधून आली. एकाच मोठ्या संगणकावर अनेक माणसे काम करत असल्यामुळे एकाच्या फाइलला दुसऱ्याने हात लावू नये, अशी सोय प्रणालीतच असणे तेव्हा आवश्यक होते. त्यामुळे प्रत्येक फाइलला एक मालक आणि एक गट असतो, आणि मालक, गट व इतर सर्व अशा तिघांसाठी वाचणे, लिहिणे आणि चालवणे या तीन परवानग्या स्वतंत्रपणे ठरवता येतात. वाचण्याला ४, लिहिण्याला २ आणि चालवण्याला १ असे अंक दिले असून त्यांची बेरीज करून परवानगी सांगितली जाते. ६४४ म्हणजे मालकाने वाचावे-लिहावे आणि बाकीच्यांनी फक्त वाचावे. ६०० म्हणजे मालकाखेरीज कोणालाही प्रवेश नाही. ७५५ म्हणजे मालकाला सर्व काही, तर इतरांना वाचण्याची आणि चालवण्याची मुभा.

येथे एक गोष्ट पुष्कळ अनुभवी लोकांच्याही लक्षात राहत नाही. फोल्डरच्या बाबतीत 'चालवणे' याचा अर्थ त्या फोल्डरात प्रवेश करणे असा होतो, आणि एखादी फाइल पुसता येईल की नाही हे त्या फाइलच्या परवानगीवरून ठरत नाही, ती ज्या फोल्डरात आहे त्यावर लिहिण्याची परवानगी आहे का यावरून ठरते. म्हणजे एखाद्या फाइलला तुम्ही केवळ वाचनाची परवानगी ठेवली, तरी ज्याला त्या फोल्डरवर लिहिता येते तो ती निवांतपणे पुसू शकतो. तात्पुरत्या फाइलींचा टेम्प फोल्डर सर्वांना खुला असूनही तेथे एकाची फाइल दुसऱ्याला पुसता येत नाही, कारण त्या फोल्डरवर 'स्टिकी बिट' नावाची वेगळी खूण लावलेली असते.

आता लिनक्सच्या जगातला सर्वांत लोकप्रिय वाईट सल्ला घेऊ. एखाद्या वेब सर्व्हरला फाइल उघडता येत नसली की कोणीतरी सहजपणे 'सीएचमॉड ७७७ करून टाका' असे सांगतो (सीएचमॉड ही परवानगी बदलण्याची आज्ञा). हा सल्ला चालतो, आणि चालतो म्हणूनच तो टिकून आहे. ७७७ म्हणजे त्या यंत्रावरील प्रत्येक वापरकर्त्याला आणि प्रत्येक प्रोग्रामला वाचण्याची, बदलण्याची आणि चालवण्याची मोकळीक. अडचण दूर होते, कारण अडवणारी चौकटच आपण उचकटून टाकलेली असते. पुढे त्या संकेतस्थळाच्या एखाद्या प्लगइनमध्ये दोष निघाला की हल्लेखोराला स्वतःची फाइल तेथे ठेवायला आणि चालवायला आयती जागा मिळते. योग्य मार्ग थोडा लांबचा आहे. सर्व्हरचा प्रोग्राम कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो ते आधी पाहावे, मग त्या फाइलींचा मालक किंवा गट त्यानुसार बदलावा, आणि फक्त ज्या फोल्डरात खरोखर लिहावे लागते तेथेच लिहिण्याची परवानगी द्यावी. बहुतेक वेळा एवढ्याने काम होते.

या सर्व चौकटीच्या वर एक वापरकर्ता असतो, ज्याला कोणतीही परवानगी अडवत नाही. त्याला रूट म्हणतात. कर्नल त्याला नावाने ओळखत नाही, ० या क्रमांकाने ओळखतो. सामान्य माणसांची खाती बहुतेक वितरणांत (उबंटू, डेबियन, फेडोरा अशा लिनक्सच्या तयार संचांत) १००० पासून पुढे क्रमांक घेतात. रूट म्हणून सतत काम करू नये, हा सल्ला बिनशर्त स्वीकारावा असा आहे, कारण टंकलेखनाची एक चूकही अख्ख्या प्रणालीला भोवू शकते. १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो येथील संगणक विभागात जन्मलेला सुडो हा प्रोग्राम याच कारणासाठी आहे. त्याच्यामुळे एका कामापुरता मोठा अधिकार मिळतो, आणि कोणी काय केले याची नोंदही राहते. उबंटूमध्ये तर रूटच्या खात्याला मुळातच पासवर्ड नसतो, सर्व काही सुडोनेच करायचे असते. प्रत्येक वेळी पासवर्ड टंकण्याचा कंटाळा येतो म्हणून सुडोला पासवर्ड विचारू नकोस असे सांगून ठेवण्याची युक्तीही सुचवली जाते. एखाद्या स्वयंचलित कामासाठी एका विशिष्ट आज्ञेपुरती ती सवलत समजण्यासारखी आहे. सर्वच आज्ञांसाठी दिली, तर तुमच्या नावाने चालणारा कोणताही प्रोग्राम तुमच्या नकळत रूट होऊ शकतो.

असाच एक छुपा दरवाजा कंटेनर, म्हणजे प्रोग्राम ठेवून चालवण्याचे वेगळे कप्पे, वापरणाऱ्यांकडून हमखास उघडा राहतो. डॉकर हे कंटेनरचे साधन वापरताना दर वेळी सुडो लिहावे लागू नये म्हणून स्वतःला डॉकर गटात घालून घ्या, असे सर्रास सांगितले जाते. त्या गटातील माणूस यजमान यंत्राची संपूर्ण डिस्क कंटेनरमध्ये जोडून घेऊन तिच्यात हवा तो बदल करू शकतो, त्यामुळे त्या गटाचे सदस्यत्व आणि रूटचा अधिकार यांत व्यवहारात काही फरक उरत नाही. स्वतःच्या एकट्याच्या लॅपटॉपवर हे समजून-उमजून केले तर ठीक आहे. अनेकांच्या सर्व्हरवर मात्र हा अधिकार सुडोइतक्याच काळजीने वाटला पाहिजे.

येथवर वाचून रूट सांभाळला की सगळे सांभाळले असे वाटेल, पण डेस्कटॉपच्या बाबतीत ते पुरेसे नाही. एकाच माणसाच्या संगणकावर मोलाचे असते ते काय? छायाचित्रे, कागदपत्रे, ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड, ईमेल. यातले एकही रूटच्या मालकीचे नसते, सारे त्या सामान्य वापरकर्त्याच्या घरच्या फोल्डरात असते. त्यामुळे तुमच्या नावाने चालणाऱ्या घातक प्रोग्रामला रूट होण्याची गरजच पडत नाही. जुन्या एक्स-इलेव्हन या चित्रप्रणालीत तर एका खिडकीतला प्रोग्राम दुसऱ्या खिडकीत दाबल्या जाणाऱ्या कळाही वाचू शकतो. तिची जागा घेणाऱ्या वेलँडमध्ये ही मुभा काढून टाकली आहे, आणि सुरक्षेच्या दृष्टीने वेलँडकडे वळण्याचे ते सर्वांत सबळ कारण आहे. फ्लॅटपॅकसारख्या पद्धती प्रोग्रामला कुंपणात ठेवून चालवतात, पण अनेक फ्लॅटपॅक पॅकेजे घरच्या संपूर्ण फोल्डरची परवानगी मागून घेतात आणि मग ते कुंपण नावापुरतेच राहते. फ्लॅटसील नावाचे साधन वापरून कोणत्या प्रोग्रामला काय दिले आहे ते पाहता आणि कमी करता येते. ते एकदा तरी उघडून पाहण्यासारखे आहे.

सॉफ्टवेअर कोणाच्या भरवशावर

लिनक्समध्ये प्रोग्राम मिळवण्याची प्रचलित रीत म्हणजे वितरणाने सांभाळलेले भांडार. एपीटी, डीएनएफ, पॅकमन, झिपर ही त्या भांडारातून पॅकेजे आणणारी साधने आहेत. प्रत्येक भांडारावर किंवा पॅकेजवर वितरणाची डिजिटल सही असते आणि ती न जुळल्यास साधन ते पॅकेज बसवण्यास नकार देते. वाटेत कोणी फाइल बदलली तर ती पकडली जाते ती यामुळे. 'शक्यतो भांडारातूनच घ्या' या सल्ल्यामागे हीच सोय आहे, आणि भांडाराबाहेर पाऊल टाकताना ती आपण गमावत असतो.

सहीचे महत्त्व २०१६ च्या फेब्रुवारीत लिनक्स मिंटच्या वापरकर्त्यांना कळले. हल्लेखोरांनी त्या प्रकल्पाच्या संकेतस्थळात शिरून मिंट १७.३ च्या सिनॅमन आवृत्तीचा दुवा बदलला आणि मागचे दार, म्हणजे गुपचूप आत शिरण्याची वाट, बसवलेली प्रत लोकांच्या हाती दिली. उतरवून घेतलेल्या फाइलची चेकसम, म्हणजे तिच्यातील मजकुरावरून निघणारी लांबलचक ओळखसंख्या, जुळवून पाहा असे नेहमी सांगितले जाते. सल्ला चांगला आहे, पण अपुरा आहे. फाइल आणि तिची ओळखसंख्या एकाच संकेतस्थळावर असेल, तर फाइल बदलणारा ओळखसंख्याही बदलू शकतो. त्या संख्येवर प्रकल्पाच्या खासगी किल्लीने केलेली सही मात्र त्याला बनवता येत नाही. म्हणून जेथे सही उपलब्ध आहे तेथे ती तपासावी. नुसती चेकसम जुळली तर फाइल उतरताना बिघडली नाही एवढेच सिद्ध होते.

आर्च लिनक्सचे वापरकर्ते एयूआर या सामायिक संग्रहाचे कौतुक करतात आणि ते रास्तही आहे, पण तेथील पाककृती, म्हणजे पॅकेज कसे बनवायचे याच्या सूचना, कोणीही सामान्य वापरकर्ता लिहू शकतो. २०१८ च्या जुलैत पीडीएफ वाचण्याच्या एका बेवारस पॅकेजचा ताबा घेऊन कोणीतरी त्यात घातक ओळी घातल्याचे आढळले होते. त्या ओळी पाककृतीत उघड दिसत होत्या, म्हणजे वाचणाऱ्याला कळल्या असत्या. संकेतस्थळावरची स्क्रिप्ट उतरवून थेट शेलच्या, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, हाती देणारी एका ओळीची आज्ञा याहूनही अंधविश्वासाची आहे, कारण तेथे वाचण्याचा टप्पाच वगळला जातो. आधी स्क्रिप्ट फाइलमध्ये उतरवावी, ती चाळावी, मग चालवावी. संकेतस्थळावरून नक्कल केलेली आज्ञासुद्धा थेट टर्मिनलमध्ये चिकटवण्याऐवजी एखाद्या मजकूर-संपादकात चिकटवून पाहणे शहाणपणाचे, कारण पडद्यावर दिसणारा मजकूर आणि नक्कल होणारा मजकूर वेगळा ठेवता येतो.

भांडारावरचा विश्वासही निरपवाद नसतो, हे २०२४ च्या मार्चमध्ये दिसले. एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या, जवळपास प्रत्येक लिनक्सवर असणाऱ्या प्रकल्पात एका सहकाऱ्याने दोनेक वर्षे प्रामाणिकपणे काम करून विश्वास मिळवला होता. त्यानंतर त्याने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचे दार बसवले. त्याचा रोख दूरस्थ लॉगिनच्या सेवेवर होता. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले, त्याने कारण शोधायला घेतले आणि सारे उघडकीस आले. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत ते पोहोचले नव्हते. डेबियनच्या चाचणीतल्या शाखा, फेडोराच्या येऊ घातलेल्या आवृत्त्या आणि ओपनसुसे टम्बलवीड यांच्यापर्यंत मात्र ते गेले होते.

यावरून स्थिर आवृत्तीच चांगली असा निष्कर्ष काढण्याची घाई नको. नव्या आवृत्त्यांमध्ये नवे दोष येतात तसे जुन्या आवृत्त्यांमध्ये जुने दोष दडलेले असतात. सुडोमधील २०११ साली शिरलेला एक दोष २०२१ च्या जानेवारीत सापडला आणि तोपर्यंत यंत्रावरील कोणताही सामान्य वापरकर्ता त्याच्या आधारे रूट होऊ शकत होता. कर्नलमधला डर्टी काऊ या नावाने ओळखला जाणारा दोष २००७ पासून २०१६ पर्यंत टिकला होता. फरक पडतो तो दोष कळल्यानंतर दुरुस्ती किती लवकर आपल्यापर्यंत येते याने. या बाबतीत एक गैरसमज वारंवार दिसतो. डेबियन किंवा उबंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीतील प्रोग्रामचा क्रमांक जुना दिसला की लोक तो असुरक्षित ठरवतात. प्रत्यक्षात ही वितरणे क्रमांक तोच ठेवून फक्त सुरक्षेची दुरुस्ती मागच्या आवृत्तीत आणून बसवतात. त्यामुळे दोष गेला की नाही हे मूळ प्रकल्पाच्या क्रमांकावरून न ठरवता वितरणाच्या सुरक्षा-सूचनेत पाहावे लागते. आपल्या आवृत्तीचा आधार कधी संपतो हेही ठाऊक हवे. उबंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीला पाच वर्षे, तर फेडोराच्या प्रत्येक आवृत्तीला साधारण तेरा महिने अपडेट मिळतात. मुदत संपलेल्या आवृत्तीवर कितीही फायरवॉल लावले तरी गळती थांबत नाही.

अपडेट बसवले म्हणजे काम संपले असेही नाही. नवा कर्नल डिस्कवर उतरतो, पण यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत स्मृतीत जुनाच चालत राहतो. काही सर्व्हर-चालक आपले यंत्र किती महिने बंद पडलेले नाही याचा अभिमान मिरवतात. थेट चालू कर्नलमध्ये दुरुस्ती बसवण्याची सोय केलेली नसेल, तर तो आकडा म्हणजे तितक्या महिन्यांच्या दुरुस्त्या लागू झालेल्या नाहीत याचीच कबुली असते.

दूरस्थ लॉगिन आणि फायरवॉल

एसएसएच ही दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे लॉगिन करण्याची पद्धत फिनलंडमधील टाटू युलोनेन यांनी १९९५ साली तयार केली. त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरून ऐकले गेल्याचे निमित्त झाले होते. आज बहुतेक ठिकाणी ओपनएसएसएच ही तिची मुक्त आवृत्ती चालते आणि ती २२ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकत असते. इंटरनेटवर उघडलेल्या कोणत्याही नव्या सर्व्हरच्या नोंदवहीत (लॉगमध्ये) थोड्याच वेळात अनोळखी लॉगिनचे प्रयत्न दिसू लागतात. नवखा माणूस ते पाहून हादरतो. हे प्रयत्न त्याच्याविरुद्ध नसतात, स्वयंचलित प्रोग्राम सगळेच पत्ते धुंडाळत असतात.

यावरचा खरा उपाय म्हणजे पासवर्डने लॉगिन बंद करून किल्ल्यांची जोडी वापरणे. खासगी किल्ली आपल्या यंत्रावर राहते, सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवली जाते, आणि खासगी किल्ली कधीही तारेवरून प्रवास करत नाही. नवी जोडी बनवताना ईडी-२५५१९ हा प्रकार निवडावा, आणि खासगी किल्लीलाही परवलीचा शब्द द्यावा, म्हणजे लॅपटॉप चोरीला गेला तरी किल्ली तत्काळ उपयोगी पडत नाही. किल्लीच्या फाइलची परवानगी ६०० असावी. ती इतरांना वाचता येत असेल तर एसएसएच स्वतःच ती वापरायला नकार देते, आणि ७७७ ची सवय लागलेल्यांची येथे पहिली अडवणूक होते. पासवर्ड बंद करण्याआधी चालू असलेले सत्र तसेच उघडे ठेवून दुसऱ्या खिडकीतून किल्लीने प्रवेश मिळतो का हे तपासावे. हा क्रम चुकला तर आपल्याच सर्व्हरचे दार आपल्यासाठी बंद होते.

पोर्ट बदलण्याच्या सल्ल्यावर मोठे वाद होतात, तेवढे त्यात नाही. २२ ऐवजी दुसरा क्रमांक दिला की स्वयंचलित प्रयत्न खूपच कमी होतात आणि नोंदवही वाचनीय राहते, पण नेम धरून आलेल्याला सर्व पोर्ट तपासायला वेळ लागत नाही. वारंवार चुकणाऱ्या पत्त्याला काही काळ अडवणाऱ्या फेल-टू-बॅनबद्दलही असेच म्हणता येईल. किल्ली सक्तीची असेल तर ही जोड उपयोगाची आहे, आणि कमकुवत पासवर्डवर लावलेले ठिगळ म्हणून ती पुरी पडत नाही. घरच्या डेस्कटॉपवर एसएसएचचा सर्व्हर मुळात लागत नाही. तो चालूच नसेल तर या परिच्छेदांतील एकाही गोष्टीची आवश्यकता उरत नाही. यंत्रावर कोणत्या सेवा बाहेरच्यांसाठी ऐकत आहेत हे 'एसएस' या आज्ञेने दिसते, आणि फायरवॉलचा विचार करण्यापूर्वी ती यादी पाहणे जास्त उद्बोधक ठरते.

फायरवॉलचे नियम लागू करण्याचे काम कर्नलमधील नेटफिल्टर करते. यूएफडब्ल्यू आणि फायरवॉलडी ही ते नियम सोप्या रीतीने लिहिण्याची साधने आहेत. उबंटूमध्ये यूएफडब्ल्यू बसवलेले असते पण बंद असते. फेडोराच्या वर्कस्टेशनमध्ये फायरवॉलडी चालू असते, पण त्याच्या मूळ मांडणीत १०२५ पासून ६५५३५ पर्यंतची पोर्ट येणाऱ्या जोडण्यांना मोकळी ठेवलेली असतात, हे पुष्कळांना माहीत नसते. घरी राउटरच्या मागे असलेल्या संगणकाला बाहेरून थेट पोहोचणे सहसा अवघड असते. तोच लॅपटॉप अनोळखी वाय-फायवर जोडला की शेजारी कोण आहे हे सांगता येत नाही, त्यामुळे फिरत्या यंत्रावर येणारे सर्व काही अडवून ठेवणे योग्य. सर्व्हरवर डॉकर असेल तर आणखी एक सावधगिरी लागते. कंटेनरचे पोर्ट प्रकाशित करताना डॉकर स्वतःचे नियम लिहितो आणि येणारी रहदारी यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालून जाते. यूएफडब्ल्यूमध्ये पोर्ट बंद दिसते, आणि डेटाबेस मात्र जगाला खुला असतो. कंटेनर बाहेरच्यांसाठी नसेल तर त्याचे पोर्ट १२७.०.०.१ या यंत्रापुरत्याच असलेल्या पत्त्याला बांधावे.

ज्याला बंद करा म्हणतात ते एसईलिनक्स

फेडोरासारख्या रेड हॅट परिवारातील वितरणांवर काही अडले की एसईलिनक्स बंद करण्याचा सल्ला ७७७ इतक्याच उत्साहाने दिला जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने विकसित केलेली आणि २००० साली खुली केलेली ही यंत्रणा २००३ साली मुख्य कर्नलमध्ये आली. नेहमीच्या परवानग्यांत फाइलचा मालक ठरवतो की कोणी काय करावे. एसईलिनक्समध्ये प्रत्येक फाइलला आणि प्रक्रियेला एक लेबल असते, आणि कोणत्या लेबलच्या प्रक्रियेने कोणत्या लेबलच्या फाइलला हात लावावा हे धोरणात लिहिलेले असते. वेब सर्व्हरमध्ये दोष निघाला तरी तो सर्व्हर लोकांच्या घरच्या फोल्डरांत डोकावू शकत नाही, कारण धोरण त्याला तेथे जाऊ देत नाही.

नेहमीची तक्रार अशी असते की परवानगी ६४४ असूनही सर्व्हरला पान दिसत नाही. बहुधा ते पान घरच्या फोल्डरात तयार करून सर्व्हरच्या फोल्डरात हलवलेले असते. हलवलेली फाइल आपले जुने लेबल घेऊन येते, तर नक्कल केलेली फाइल नव्या फोल्डरचे लेबल घेते. 'रीस्टोरकॉन' ही आज्ञा लेबले पूर्ववत करते आणि प्रश्न एका ओळीत सुटतो. संपूर्ण संरक्षण काढून टाकण्याची गरज नसते. अगदी तपासणीपुरते हवे असेल तर एसईलिनक्सला फक्त नोंद करण्याच्या अवस्थेत ठेवावे, कारण सापडले की ते पुन्हा लागू करावे. उबंटू आणि डेबियनवर हेच काम ॲपआर्मर करते. त्याचे नियम फाइलच्या मार्गावर बेतलेले असल्यामुळे ते वाचायला सोपे जातात.

डिस्क एन्क्रिप्शन आणि बॅकअप

लक्स या लिनक्सवरील एन्क्रिप्शनच्या पद्धतीने संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करणे हा लॅपटॉपसाठी मी सर्वांत वर ठेवेन असा सल्ला आहे, आणि प्रणाली बसवतानाच तो अमलात आणणे सोपे असते. नंतर करायचे तर सहसा सर्व पुन्हा बसवावे लागते. त्याची मर्यादाही समजून घ्यावी. हे संरक्षण बंद असलेल्या यंत्राचे आहे. यंत्र चालू किंवा झोपलेले असताना किल्ली स्मृतीत असते, आणि चालू यंत्रात शिरलेल्या घातक प्रोग्रामला तर सर्व फाइली उघड्याच दिसतात. दूरच्या सर्व्हरवर हाच उपाय अडचणीचा होतो, कारण प्रत्येक वेळी यंत्र सुरू होताना कोणीतरी परवलीचे वाक्य द्यावे लागते. ते वाक्य विसरले तर माहिती परत मिळवून देणारा कोणी नाही. लक्समध्ये एकाहून अधिक वाक्ये ठेवण्याची सोय आहे, तेव्हा दुसरे वाक्य जोडून सुरक्षित जागी लिहून ठेवावे, आणि डिस्कच्या सुरुवातीला असलेल्या लक्सच्या शीर्षभागाची प्रत वेगळ्या ठिकाणी घ्यावी. तो भाग खराब झाला तर बरोबर वाक्यही उपयोगी पडत नाही.

बॅकअपबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. टाइमशिफ्ट हे साधन मूळ मांडणीत फक्त प्रणालीच्या फाइलींची प्रत घेते आणि घरचा फोल्डर वगळते, त्यामुळे केवळ त्याच्यावर विसंबलेल्याची छायाचित्रे वाचत नाहीत. डिस्कच्या दोन जुळ्या प्रती ठेवणारी रेड पद्धत डिस्क बिघडण्यापासून वाचवते, पण चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच जाते. बॉर्ग किंवा रेस्टिकसारख्या साधनाने वेगळ्या डिस्कवर प्रत घ्यावी आणि तीतून एखादी फाइल परत आणून पाहावी.

मदत मागताना

चांगला सल्ला मिळावा यासाठी वितरणाचे नाव, आवृत्ती, नेमकी कोणती आज्ञा दिली आणि त्यावर शब्दशः काय उत्तर आले एवढे तरी सांगावे लागते. सल्ला घेतानाही तो कोणत्या आवृत्तीसाठी आणि कोणत्या वर्षी दिला आहे हे पाहावे, आणि न समजलेल्या आज्ञेतील प्रत्येक पर्याय तिची माहिती देणाऱ्या 'मॅन' पानावर वाचावा. मात्र नोंदवही जशीच्या तशी दुसऱ्याला पाठवण्यापूर्वी ती स्वतः वाचायला हवी. तिच्यात वापरकर्त्याचे नाव, सार्वजनिक पत्ता, वाय-फायचे नाव, यंत्राचा अनुक्रमांक आणि क्वचित प्रवेशाची गुप्त चिन्हेही असतात. एसएसएचची सार्वजनिक किल्ली दाखवल्याने नुकसान होत नाही. तिच्याऐवजी चुकून खासगी किल्लीची फाइल पाठवली गेली, तर तो संदेश पुसून भागत नाही. ज्या ज्या सर्व्हरवर तिची जोडीदार सार्वजनिक किल्ली ठेवली आहे, तेथून ती काढून टाकावी लागते, नवी जोडी बनवावी लागते, आणि मधल्या काळात त्या किल्लीने कोणी आत आले होते का हे प्रत्येक सर्व्हरच्या नोंदवहीत तपासावे लागते.